एकट्याची गाणी, सामायिक अल्बम : चेन्नईतील स्वतंत्र गायक-गीतकारांचा हिशेब

चेन्नई : कोडंबाक्कम हे चेन्नईतील एका वस्तीचे नाव आहे आणि एका उद्योगाचेही. तमिळ चित्रपटसृष्टीला ‘कॉलिवूड’ हे टोपणनाव मिळाले ते याच वस्तीवरून. गेली अनेक दशके तमिळ भाषकांना गाणी पुरवली ती मुख्यतः या परिसरातील ध्वनिमुद्रण कक्षांनी. लग्नमंडपात, रिक्षात, चहाच्या टपरीवर आणि निवडणुकीच्या सभेतही वाजते ते बहुधा चित्रपटातलेच गाणे. अशा शहरात एखाद्याने स्वतः लिहिलेले, स्वतः चाल लावलेले आणि स्वतःच गायलेले गाणे कानावर पडणे दुर्मीळ असते. त्यातही ते नाचायला लावणारे नसून स्वतःशी बोलल्यासारखे संथ, चिंतनपर असेल, तर त्याला श्रोता मिळणे आणखी अवघड.

अशी गाणी चेन्नईत तयार होत नाहीत असे मात्र नाही. गेल्या दीड दशकात ती सातत्याने तयार होत आहेत. एकेकटी प्रकाशित झाली की ती हरवतात, ही खरी अडचण. त्यावर जगभरातील स्वतंत्र कलावंतांनी शोधलेला जुना मार्ग म्हणजे संकलित अल्बम : आठ-दहा जणांनी आपले एकेक गाणे द्यायचे आणि सर्वांनी मिळून एकच संच प्रकाशित करायचा. एका गायिकेला शोधत आलेला श्रोता उरलेल्या नऊ जणांपर्यंत पोहोचतो. कल्पना सोपी आहे. मात्र या दहा गाण्यांची मालकी कोणाची, श्रेय कोणाचे आणि पैसे कोणाच्या खात्यात जमा होणार, हे प्रश्न उपस्थित झाले की ती सोपी राहत नाही. चेन्नईत गेल्या काही वर्षांत गाजलेली दोन-तीन प्रकरणे पाहिली तर हे प्रश्न किती खोलवर जातात हे लक्षात येते.

इंग्रजीत ज्याला ‘सिंगर-सॉंगरायटर’ म्हणतात त्याच्यासाठी भारतीय संगीतशास्त्रात एक नेमका शब्द आहे, ‘वाग्गेयकार’. वाक् म्हणजे शब्द आणि गेय म्हणजे स्वररचना. दोन्ही जो करतो तो वाग्गेयकार. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिल्या गेलेल्या ‘संगीत रत्नाकर’ या ग्रंथात शार्ङ्गदेवांनी त्याची लक्षणे सांगितली आहेत. आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ लिहिलेला हा शब्द महाराष्ट्रात जवळजवळ विस्मरणात गेला आणि कर्नाटक संगीतामुळे दक्षिणेत जिवंत राहिला. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री या तिघांनाही वाग्गेयकार म्हणूनच ओळखले जाते. त्यागराजांच्या आयुष्याचा मोठा काळ तंजावरच्या मराठा राजवटीत गेला. दरबाराचे बोलावणे आणि त्यासोबतचे धन त्यांनी नाकारले, ही आख्यायिका तमिळनाडूत आजही सांगितली जाते. ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ सांगताना येथील तरुण संगीतकारांना परदेशी उदाहरण शोधावे लागत नाही, ते यामुळेच.

मराठीची परंपरा थोडी वेगळी आहे. आपल्या भावगीताची घडण त्रिपदरी : कविता मंगेश पाडगावकरांची, चाल श्रीनिवास खळे किंवा यशवंत देवांची, आवाज अरुण दाते यांचा. तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असणे हा अपवाद. अलीकडच्या काळात कवी संदीप खरे यांनी स्वतःच्या कविता रंगमंचावर गाऊन तो अपवाद रूढ केला. तरीही ‘गायक-गीतकार’ हा शब्द मराठी कानाला अजून थोडा नवखा वाटतो.

चेन्नईच्या चिंतनपर गाण्याचा दुसरा उगम रस्त्यावरचा आहे. उत्तर चेन्नईतील कष्टकरी, मुख्यतः दलित वस्त्यांमध्ये ‘गाना’ नावाचा लोकगीतप्रकार रुजला. त्याचा एक भाग म्हणजे ‘मरण गाना’. घरात मृत्यू झाला की रात्रभर मृताजवळ बसून गायची ही गाणी. त्यांत मृताचे आयुष्य असते, आईचे दुःख असते, देहाच्या नश्वरतेचा विचार असतो आणि अधूनमधून चेष्टाही. आपल्याकडे गावात कोणी गेल्यावर भजनी मंडळी रात्र जागवतात, त्याच्याशी याचे नाते जुळते. फरक इतकाच की मरण गाना गाणारा बरेचदा तिथल्या तिथे शब्द जुळवतो. १९९०च्या दशकात संगीतकार देवा यांनी गाना चित्रपटांत आणला आणि तो लोकप्रिय झाला. लोकप्रिय झाली ती मात्र त्याची ठेक्याची बाजू. शोकाची बाजू वस्तीतच राहिली.

या दोन प्रवाहांच्या मध्ये आजचा स्वतंत्र गायक-गीतकार उभा आहे. कबेर वासुकी हे त्यांपैकी एक महत्त्वाचे नाव. चित्रपटाचा आधार न घेता साध्या बोलीभाषेत, गिटारच्या साथीने त्यांनी लिहिलेली तमिळ गाणी महाविद्यालयीन तरुणांमध्ये पसरली ती हातोहात, मोबाइलमधून मोबाइलमध्ये. त्यांचे शब्द तमिळनाडूबाहेर पोहोचले ते मात्र दुसऱ्याच्या आवाजात. जानेवारी २०१७ मध्ये ‘चेन्नई पोरंबोक्कु पाडल’ हे गाणे यूट्यूबवर प्रसिद्ध झाले. गायक टी. एम. कृष्णा, संगीतरचना आर. के. श्रीरामकुमार यांची, शब्द कबेर वासुकींचे. रागमालिका कर्नाटक संगीतातील, भाषा मात्र चेन्नईच्या रस्त्यावरची. शुद्ध तमिळ, तेलुगू आणि संस्कृतची सवय असलेल्या सभागृहांना हा मोठाच धक्का होता.

‘पोरंबोक्कु’ हा मूळचा महसुली शब्द. शेतसारा न लावलेली, गावाच्या सामायिक उपयोगासाठी राखलेली जमीन, तळे, खाडीकाठ, चराई. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द ‘गायरान’. काळाच्या ओघात ज्या जमिनीतून सरकारला काही मिळत नाही ती निरुपयोगी ठरली आणि ‘पोरंबोक्कु’ ही चेन्नईत एक शिवी झाली. गाण्याचा विषय होता शहराच्या उत्तरेकडील एन्नोरची खाडी. कोसस्थलैयार नदी तिथे समुद्राला मिळते. औष्णिक वीजप्रकल्पांची राख आणि भराव यांनी ती खाडी आक्रसत गेली आहे. शिवी बनलेला शब्द गाण्यात पुन्हा सन्मानाने उच्चारला गेला. जे कोणा एकाचे नाही ते सगळ्यांचे आहे, असा त्याचा आशय. गाण्याच्या मालकीविषयी लिहिताना हे गाणे आठवणे अपरिहार्य आहे.

त्यानंतर वर्षभरातच, ६ जानेवारी २०१८ रोजी, शहरातील किल्पाक भागात ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम झाला. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांचे नीलम सांस्कृतिक केंद्र आणि संगीतकार टेनमा यांनी तो उभा केला. एकोणीस कलावंत, गाना गाणारे आणि रॅप गाणारे एकाच मंचावर. नाव घेतले होते तमिळ विचारवंत अयोत्ती दासर यांच्या ‘जातिविहीन तमिळ’ या संकल्पनेवरून. ही गाणी शांत नव्हती आणि शांत असण्याचे त्यांना कारणही नव्हते. संकलित अल्बमच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व वेगळे आहे. एकेकट्याला कोणी मंच दिला नसता अशा गायकांनी एका नावाखाली एकत्र यावे आणि तरीही प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखू यावा, हे या प्रयोगाने चेन्नईत प्रत्यक्ष करून दाखवले. अरिवु हा तरुण कवी-रॅपर याच मंचावरून पुढे आला.

भारतात अनेक गटांची गाणी एकत्र प्रकाशित करण्याची कल्पना जुनी आहे. १९७० आणि १९७१ मध्ये ‘सिमला बीट’ या स्पर्धेतील निवडक वाद्यवृंदांच्या दोन दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. शिलाँगच्या ‘फेन्टोन्स’सारखे तेव्हाचे तरुण त्यांत ऐकू येतात. खर्च मात्र सिगारेट विकणाऱ्या कंपनीचा आणि स्पर्धेचे नावही सिगारेटचेच. आज त्या ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या हव्यासाचा विषय आहेत. आताच्या संकलनांतील मुख्य बदल हा की प्रायोजक गेला. गायकांनीच आपापसांत वर्गणी काढून ते काम करायचे, किंवा एखाद्या छोट्या प्रकाशकाने.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते? गाणी घरच्या खोलीत ध्वनिमुद्रित होतात. मे महिन्यात चेन्नईत खिडक्या लावून आणि पंखा बंद करून एक संथ गाणे पाच-सहा वेळा गाणे, ही साधना आहे असेच म्हणावे लागेल. दहा घरांतून दहा प्रकारचे आवाज येतात : कुठे गिटार पुढे, कुठे आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. ते एका पातळीवर आणण्याच्या शेवटच्या प्रक्रियेला मास्टरिंग म्हणतात आणि संकलनात सर्वांत अधिक वेळ तिलाच लागतो. त्यानंतर क्रम. चिंतनपर गाण्यांच्या संचात क्रमाला कवितासंग्रहाइतकेच महत्त्व असते. सलग तीन विरहगीते ऐकल्यावर चौथे कितीही चांगले असले तरी ऐकणारा थकतो. चार-चार मिनिटांची दहा गाणी म्हणजे चाळीस मिनिटे, आणि तबकडीच्या दोन बाजूंवर साधारण तेवढेच मावते. तबकडी काढायची नसली तरी बहुतेक जण आजही हेच माप पाळतात.

आता पैशांकडे येऊ. गाणे विकण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला स्ट्रीमिंगचा. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आले. त्यामुळे वितरण सोपे झाले, उत्पन्न मात्र तुटपुंजे राहिले. २०२४ पासून या कंपनीने नियम केला की मागील बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळणार नाही. नाचाच्या गाण्याला हजार हा आकडा एका संध्याकाळचा. आजीच्या आठवणीवर लिहिलेल्या संथ गाण्याला तो वर्षभराचा असू शकतो. म्हणजे नियम सर्वांना एकच असला तरी त्याचा भार शांत गाण्यांवर अधिक पडतो. हे प्रस्तुत प्रतिनिधीला अन्यायाचे वाटते.

दुसरा मार्ग थेट विक्रीचा. बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळावर श्रोता संपूर्ण अल्बम विकत घेऊन उतरवून ठेवतो. डिजिटल विक्रीवर हे संकेतस्थळ १५ टक्के वाटा घेते. समजा, दहा गाण्यांच्या संचाची किंमत ३०० रुपये ठेवली. ४५ रुपये संकेतस्थळाचे गेले, २५५ उरले. दहा जणांत समान वाटणी केली तर प्रत्येकाला २५ रुपये ५० पैसे. दोनशे ग्राहक मिळाले तर प्रत्येकी ५,१०० रुपये, त्यातून देवघेवीचे शुल्क आणि मास्टरिंगचा खर्च वजा. यावर घर चालणार नाही, हे उघड आहे. पण दोनशे माणसांनी गाण्यासाठी खिशातून पैसे काढले, हे कळणे लिहिणाऱ्याच्या दृष्टीने वेगळ्या मोलाचे असते.

या छोट्या रकमांपेक्षा मोठा प्रश्न हक्कांचा आहे आणि तिथे कायदा समजून घेणे आवश्यक ठरते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार एका ध्वनिमुद्रित गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी सामावलेल्या असतात : शब्द, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा त्याच्या निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते घडवून आणले त्याचा. गायकाचा ‘सादरकर्ता’ म्हणून चौथा, स्वतंत्र हक्क असतो. चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या गाण्यात हे हक्क दीर्घकाळ निर्मात्याकडेच एकवटत गेले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेही निर्मात्याची बाजू बळकट केली. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, गायकाला आपल्या कायद्यात स्थान नाही याबद्दल वेगळी खंत नोंदवली होती.

२०१२ च्या दुरुस्तीने चित्र बदलले. गीतकार आणि संगीतकार आपला हक्क विकू शकतात, पण चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या मानधनातील समान वाटा मिळण्याचा अधिकार त्यांना सोडता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला देण्याचा अपवाद वगळता तसा करार निरर्थक ठरतो. चित्रपटाबाहेरच्या गाण्यांनाही हे संरक्षण लागू आहे. हे मानधन गोळा करण्याचे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. तिचे सदस्यत्व स्वतः अर्ज करून घ्यावे लागते. गाण्यांच्या हक्कांचा प्रश्न किती चिवट असतो हे चेन्नईला वेगळे सांगायला नको. इळैयराजा यांच्या गाण्यांवरील हक्कांचे वाद मद्रास उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालले आहेत.

या पार्श्वभूमीवर स्वतंत्र गायक-गीतकाराची खरी संपत्ती कोणती ते स्पष्ट होते. स्वतः लिहिले, चाल लावली, गायले आणि स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रित केले, तर चारही हक्क एकाच व्यक्तीकडे असतात. तमिळ चित्रपटातील नामवंत गीतकाराकडेही जे नसते ते घरातल्या खोलीत गाणाऱ्या मुलीकडे असते. संकलनात सामील होताना ती हे सर्व एका सहीने देऊन टाकू शकते, किंवा फक्त एका अल्बमपुरती परवानगी देऊन बाकी स्वतःकडे ठेवू शकते. दोन्ही कागद दिसायला सारखेच असतात.

कागद स्पष्ट नसेल तर काय होते, याचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण चेन्नईचेच आहे. मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे प्रसिद्ध झाले. गायिका धी, गीतकार-गायक अरिवु, संगीतकार संतोष नारायणन. ए. आर. रहमान यांचा पाठिंबा असलेल्या ‘माज्जा’ या स्वतंत्र संगीताच्या व्यासपीठाने ते आणले. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या पूर्वजांची, भूमिहीनतेची आणि आजी वल्लियम्माळची आठवण अरिवु यांनी त्यात मांडली होती. मरण गानाचा हुंदकाही त्यात ऐकू येतो. चित्रपटाबाहेरचे तमिळ गाणे कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचू शकते हे या गाण्याने सिद्ध केले.

पुढच्या घटना सर्वज्ञात आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये एका संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर अरिवु दिसले नाहीत आणि पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला. जुलै २०२२ मध्ये चेन्नईत बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्‌घाटनात हे गाणे अरिवु यांच्याविना सादर झाले. त्यानंतर अरिवु यांनी समाजमाध्यमावर निर्मितीतील आपला वाटा मांडला. संतोष नारायणन आणि धी यांनीही आपापली बाजू जाहीर केली. वाद श्रेयाचा होता, आणि ज्याच्या आजीचे आयुष्य त्या गाण्यात आहे तो चित्रात का नाही, असा त्याचा जातीशी जोडलेला पदरही होता. मार्च २०२४ मध्ये, गाण्याला तीन वर्षे झाली तेव्हा, संतोष नारायणन यांनी चित्रफितीद्वारे सांगितले की या गाण्यातून आपल्याला किंवा सहकाऱ्यांना काहीही उत्पन्न मिळालेले नाही. हा एका बाजूचा दावा आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे. तरीही इतक्या गाजलेल्या गाण्याविषयी असा दावा व्हावा, ही गोष्ट दहा अनोळखी गायकांच्या संकलनाला धास्ती वाटावी अशीच आहे.

म्हणून अशा संकलनाचा करार लहान असला तरी चालेल, मोघम असून चालत नाही. शब्द, चाल, वादन, ध्वनिमुद्रण यांपैकी कोणाचे काय, हे ध्वनिमुद्रणापूर्वीच प्रत्येक गाण्यासमोर लिहावे लागते, कारण गाणे गाजल्यावर कोणालाच नेमके आठवत नाही. गाणाऱ्याने एखाद्या वस्तीतील वृद्धेकडून ओवी घेतली असेल तर तिचे नावही. परवानगी एकाधिकाराची नाही हे नमूद असावे, म्हणजे तेच गाणे गायिकेला स्वतःच्या अल्बममध्ये घेता येते. जाहिरातीत किंवा चित्रपटात वापरण्याची विचारणा आली तर होकार कोण देणार, हेही. ही विचारणा येते. शॉन रोल्डन, प्रदीप कुमार यांच्यासारखे स्वतंत्र संगीतातून पुढे आलेले कलावंत कोडंबाक्कमने आपलेसे केलेच आहेत आणि त्यात गैर काही नाही. फक्त जुनी गाणी सोबत कोणत्या अटीवर जातात ते माहीत असावे.

हक्क दिल्याची मुदत लिहायची राहिली तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता मानतो. छोट्या संकलनाला जाणीवपूर्वक हीच मुदत पाळता येते. ती संपली की संच संकेतस्थळावरून उतरवला जातो आणि दहाही गाणी आपापल्या मालकाकडे परत जातात. ज्या श्रोत्यांनी तो विकत घेऊन ठेवला आहे, त्यांच्याकडे मात्र गाण्यांचा तो क्रम तसाच राहतो.